लिनक्सवर खासगी क्लाउड: मागणी जुनी, डेस्कटॉप ॲप मोजक्यांकडेच

फायली कुलूपबंद करून इंटरनेटवर ठेवून देणाऱ्या सेवा आता नव्या राहिलेल्या नाहीत. ‘तुमची फाइल आम्हालाही उघडता येत नाही’ असं या कंपन्या सांगतात. विंडोज, मॅक, अँड्रॉइड आणि आयफोन यांसाठी त्यांची ॲप असतात. लिनक्सचा विषय निघाला की मात्र अनेक ठिकाणी ‘ब्राउझरमधून वापरा’ एवढंच उत्तर मिळतं. खासगीपणाची सर्वांत जास्त काळजी करणाऱ्यांत लिनक्सवाले पुढे असतात, आणि अर्धवट सोय नेमकी त्यांच्याच वाट्याला येते. ही मागणी नेमकी काय आहे, ती का अडते आणि तोवर काय करता येईल, याची ही माहिती.

आत्ताच हा विषय का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालणारे कितीतरी जुने संगणक नव्या विंडोजच्या अटीत बसत नाहीत. बेळगावातलं कर सल्लागाराचं ऑफिस असो, फोंड्यातलं झेरॉक्सचं दुकान असो की इंदुरातला कोचिंग क्लास, जुनी मशीन फेकून द्यायची नसेल तर उबंटू किंवा लिनक्स मिंट हा बिनखर्चाचा पर्याय समोर असतो.

स्टॅटकाउंटरच्या आकडेवारीत जगभरच्या डेस्कटॉपमध्ये लिनक्सचा वाटा फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिल्यांदा चार टक्क्यांवर गेला. त्याच आकडेवारीत भारतातला वाटा त्या वर्षी जगाच्या सरासरीपेक्षा बराच जास्त दिसला. लिनक्स सरकारी पातळीवरही नवीन नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली बनवली आहे, आणि केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं लिनक्सच शिकवलं जातं.

मशीन लिनक्सवर गेलं, तरी त्यातल्या कागदपत्रांचा प्रश्न राहतोच. सातबारा, गोव्यातला एक-चौदाचा उतारा, कर्नाटकातली आरटीसी, पॅन, आधार, मृत्युपत्राची स्कॅन प्रत, ग्राहकांचे ताळेबंद हे सगळं कुठे ठेवायचं?

‘खासगी’ क्लाउड म्हणजे काय?

बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक ग्राहकाची. नेहमीच्या क्लाउड सेवेत फायली कुलूपबंद असतात हे खरं, पण किल्ली कंपनीकडे असते. कंपनीला वाटलं, सरकारने मागितलं किंवा कुणी चोरून आत शिरलं, तर ते कुलूप उघडता येतं.

एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेल्या सेवेत किल्ली फक्त ग्राहकाकडे राहते. फाइल संगणकावरून बाहेर पडण्याआधीच तिचं रूपांतर अगम्य आकड्यांत होतं. प्रोटॉन ड्राइव्हसारख्या सेवेत तर फाइलचं आणि फोल्डरचं नावसुद्धा झाकलं जातं. कंपनीच्या सर्व्हरवर जातात ते नुसते तुकडे.

या पद्धतीत सगळं काम ग्राहकाच्या मशीनवरच्या ॲपला करावं लागतं. कुलूप लावणं, उघडणं, बदल ओळखणं, दोन प्रतींतला घोळ मिटवणं, यातलं काहीच सर्व्हर करू शकत नाही, कारण त्याला आतलं दिसतच नाही. म्हणून अशा सेवेत डेस्कटॉप ॲप हाच सेवेचा अर्धा भाग असतो. तो नसला की उरलेल्या अर्ध्यावर भागवावं लागतं.

प्रोटॉनचं उदाहरण

या मागणीचं सर्वांत ठळक उदाहरण प्रोटॉन. २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन केंद्रात भेटलेल्या शास्त्रज्ञांनी ही ईमेल सेवा सुरू केली. पुढे तिच्यात व्हीपीएन, कॅलेंडर, पासवर्ड सांभाळणारं ॲप आणि फायली ठेवणारं प्रोटॉन ड्राइव्ह यांची भर पडली.

ड्राइव्ह सप्टेंबर २०२२ मध्ये चाचणीतून बाहेर आलं. मोबाइल ॲप डिसेंबर २०२२ मध्ये, विंडोजचं जुलै २०२३ मध्ये आणि मॅकचं नोव्हेंबर २०२३ मध्ये आलं. लिनक्सवाल्यांची मागणी या सगळ्या काळात चालूच होती, तरी २०२५ सालातही फायली सिंक करणारं लिनक्सचं अधिकृत ॲप आलेलं नव्हतं.

प्रोटॉनला लिनक्सचं वावडं आहे, असं मुळीच नाही. त्यांचं व्हीपीएन लिनक्सवर चालतं. थंडरबर्डसारख्या मेल प्रोग्रॅमला जोडणारा ‘ब्रिज’ चालतो. पासवर्डचं ॲपही चालतं. म्हणूनच नाराजी जास्त आहे. एकाच वर्गणीत सगळ्या सेवा घेतलेला ग्राहक विंडोजवर असेल तर त्याला पूर्ण माल मिळतो. लिनक्सवर असेल तर पैसे तेवढेच भरून एक वस्तू कमी मिळते. हिशोबाच्या भाषेत, बिल पूर्ण आणि डिलिव्हरी अपुरी.

हा अनुभव फक्त प्रोटॉनचा नाही. गूगल ड्राइव्ह एप्रिल २०१२ मध्ये आलं, तेव्हा लिनक्सचं ॲपही येईल असं सांगितलं गेलं होतं. ते कधीच आलं नाही. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हचंही अधिकृत लिनक्स ॲप नाही. उलट ड्रॉपबॉक्सने २००८ पासून लिनक्सला साथ दिली, पण नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘ईएक्सटी४’ सोडून बाकीच्या फाइल सिस्टिम बंद केल्या. ओरड झाल्यावर जुलै २०१९ मध्ये त्यातल्या काही परत घेतल्या. उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने तर स्वतःची ‘उबंटू वन’ ही साठवण सेवा २०१४ मध्ये गुंडाळली. त्यामुळे आश्वासन मिळालं तरी ॲप हातात पडेपर्यंत लिनक्सवाले खूश होत नाहीत.

ब्राउझर आहे ना, मग अडचण काय?

पहिली अडचण रोजच्या वापराची. ब्राउझरमधून फाइल चढवावी लागते आणि उतरवावी लागते. फोल्डरमध्ये बदल झाला म्हणून तो आपोआप वर जात नाही. टॅब बंद झाला, लाइट गेली किंवा नेट तुटलं की मोठी फाइल पुन्हा पहिल्यापासून पाठवण्याची वेळ येऊ शकते. बॅकअप माणसाच्या आठवणीवर अवलंबून राहिला की तो हमखास चुकतो. तो चुकल्याचं हार्डडिस्क गेल्याच्या दिवशी कळतं.

दुसरी अडचण विश्वासाची. वेबसाइट उघडली की कुलूप लावणारा प्रोग्रॅम दर वेळी कंपनीच्या सर्व्हरवरून नव्याने येतो. सर्व्हर कुणाच्या ताब्यात गेला, किंवा एखाद्याच ग्राहकाला वेगळा प्रोग्रॅम पाठवला गेला, तर त्या ग्राहकाला ते कळायला मार्ग नाही. बसवलेलं ॲप एकदाच येतं, त्यावर सही असते, आणि त्याचा कोड खुला असेल तर जाणकारांना तो तपासता येतो. म्हणजे खासगीपणासाठी लिनक्सवर आलेल्या माणसाला या सेवा कमी खात्रीच्या वाटेने पाठवतात.

तिसरी अडचण जवळ प्रत नसण्याची. सीमाभागातल्या वाचकांना एक घटना आठवत असेल. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका कंपनीच्या याचिकेवर, अश्लील ईमेलच्या प्रकरणात, प्रोटॉन मेल भारतात बंद करण्यासाठी पावलं उचलण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्येही तमिळनाडूतल्या बॉम्बच्या खोट्या धमक्यांवरून अशी हालचाल झाली होती. दोन्ही वेळा विषय ईमेलचा होता, ड्राइव्हचा नव्हता. तरी सेवा परदेशातली असेल तर तिच्यापर्यंतचा रस्ता एखाद्या दिवशी अडू शकतो, एवढं यातून दिसलं. डेस्कटॉप ॲपने सिंक केलेलं फोल्डर मशीनवरही असतं. सेवा बंद झाली तरी कागद हातात राहतात. फक्त ब्राउझर वापरणाऱ्याकडे मात्र वर चढवलेल्या फायलींखेरीज काहीच नसू शकतं.

कंपन्या का टाळतात?

ग्राहकसंख्येचा हिशोब उघड आहे. चार-पाच टक्के वापरकर्त्यांसाठी वेगळे प्रोग्रॅमर, वेगळी चाचणी आणि वेगळी मदत सेवा ठेवणं महाग पडतं. त्याशिवाय तांत्रिक अडचणीही खऱ्या आहेत.

मोठी अडचण ‘लागेल तेव्हाच फाइल उतरवा’ या सोयीची. यात मशीनवर फाइलचं नाव दिसतं, पण फाइल क्लिक केल्यावरच उतरते. विंडोजने यासाठी २०१७ मध्ये तयार यंत्रणा दिली. मॅकमध्येही ‘फाइल प्रोव्हायडर’ नावाची तशीच सोय आहे. लिनक्समध्ये सर्व डेस्कटॉपना चालेल अशी एकच ठरलेली पद्धत नाही. ‘फ्यूज’ वापरून ते करता येतं, पण बरंचसं स्वतः बांधावं लागतं.

फोल्डरमधला बदल ओळखण्यासाठी लिनक्समध्ये ‘आयनोटिफाय’ ही सोय आहे. तिच्यात प्रत्येक फोल्डरवर स्वतंत्र पहारा ठेवावा लागतो, आणि पहाऱ्यांच्या संख्येला मर्यादा असते. जुन्या कर्नलवर ती साधारण ८,१९२ असे. वीस वर्षांचं दफ्तर असलेल्या ऑफिसला ती सहज कमी पडते.

बाकी अडचणी विविधतेच्या. प्रोग्रॅम डेब, आरपीएम, स्नॅप की फ्लॅटपॅक अशा कोणत्या पॅकेजमध्ये द्यायचा? पासवर्ड नोमच्या कीरिंगमध्ये ठेवायचा की केडीईच्या वॉलेटमध्ये? नोमने २०१७ मध्ये कोपऱ्यातल्या जुन्या पद्धतीच्या आयकॉनची जागाच काढून टाकली, मग सिंक चालू आहे हे दाखवायचं कुठे?

हे सगळं खरं असलं, तरी काही कंपन्यांनी हेच काम करून दाखवलं आहे. त्यामुळे ‘जमत नाही’ यापेक्षा ‘प्राधान्य नाही’ हे उत्तर वस्तुस्थितीच्या जास्त जवळ जातं.

मराठी नावांची खास अडचण

मराठी वापरणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत हवी. लिनक्सच्या बहुतेक फाइल सिस्टिममध्ये फाइलचं नाव २५५ बाइटपेक्षा लांब चालत नाही. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला तीन. काना, मात्रा, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘महाराष्ट्र’ या शब्दात संगणकाच्या हिशोबाने दहा खुणा आहेत, म्हणजे तीस बाइट. नाव साधारण ८५ खुणांच्या पुढे गेलं की संपलं. त्यात नाव कुलूपबंद करणारे प्रोग्रॅम ते आणखी लांबवतात, म्हणून प्रत्यक्षात मर्यादा त्याआधीच लागू शकते.

दुसरी गंमत ‘ऱ’ या अक्षराची. ‘शेतकऱ्यांची यादी’ हे नाव संगणकात एकापेक्षा जास्त प्रकारे साठवलं जाऊ शकतं. ‘ऱ’ हे एकच अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन खुणा मिळून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मॅकची आजची फाइल सिस्टिम दोन्ही नावं एकच मानते. लिनक्स मात्र त्यांना दोन वेगळ्या फायली समजतो. साध्या क्लाउडमध्ये सर्व्हर नावं जुळवून घेऊ शकतो. खासगी क्लाउडमध्ये सर्व्हरला नावच दिसत नाही, त्यामुळे ही जबाबदारीही ॲपवरच येते. घरातला एक जण मॅकवर आणि दुसरा लिनक्सवर असेल तर एकाच यादीच्या दोन प्रती तयार होऊ शकतात, आणि नवी नोंद भलत्याच प्रतीत पडू शकते.

उपाय साधा आहे. फायलींची नावं आखूड ठेवावीत, आणि सिंक होणाऱ्या महत्त्वाच्या फायलींच्या नावात शक्यतो ‘ऱ’ टाळावा. आतल्या मजकुराला यातलं काहीच लागू नाही.

लिनक्सचं ॲप कोणाकडे आहे?

न्यूझीलंडची मेगा (२०१३ पासून) लिनक्ससाठी ॲप देते आणि मोफत खात्यात २० जीबी जागा. स्वित्झर्लंडची ट्रेझोरिट, जर्मनीची फायलेन आणि स्पेनची इंटरनेक्स्ट यांचीही लिनक्स ॲप आहेत. पीक्लाउडचंही आहे, पण तिथे एंड-टू-एंड कुलूप फक्त ‘क्रिप्टो’ या वेगळ्या फोल्डरला असतं आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. बाकीच्या फायलींची किल्ली कंपनीकडेच राहते.

लिनक्सचं ॲप आहे म्हणून सेवा सुरक्षित आहे, असा अर्थ मात्र काढू नये. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये मेगाच्या रचनेत गंभीर त्रुटी दाखवल्या, त्यावर कंपनीने दुरुस्त्या केल्या. त्याच विद्यापीठाच्या २०२४ च्या अभ्यासात सिंक, पीक्लाउड, आइसड्राइव्ह, सीफाइल आणि ट्रेझोरिट या पाच सेवा तपासल्या गेल्या. सर्व्हरच शत्रूच्या हाती गेला तर काय, असा प्रश्न त्यात होता. पाचपैकी चार सेवांत गंभीर दोष निघाले, ट्रेझोरिटची स्थिती त्या मानाने बरी आढळली.

तोवर काय करता येईल?

*क्रिप्टोमेटर आणि कोणताही क्लाउड.* क्रिप्टोमेटर हा जर्मनीत बनलेला, खुल्या कोडचा प्रोग्रॅम लिनक्सवर मोफत चालतो. तो मशीनवरच एक कुलूपबंद तिजोरी तयार करतो. ती तिजोरी ड्रॉपबॉक्ससारख्या लिनक्स ॲप असलेल्या सेवेच्या फोल्डरमध्ये ठेवायची. क्लाउड कंपनीला फक्त झाकलेल्या फायली दिसतात. सेवा बदलली तरी तिजोरी तीच राहते, हा मोठा फायदा.

*आरक्लोन.* हा कमांड लिहून चालवायचा प्रोग्रॅम असंख्य सेवांना जोडता येतो. सप्टेंबर २०२३ च्या १.६४ आवृत्तीपासून त्यात प्रोटॉन ड्राइव्हचीही सोय आली. ती प्रोटॉनने बनवलेली नाही, त्यामुळे कंपनीने आत काही बदललं की ती अडू शकते. आरक्लोनची ‘सिंक’ ही आज्ञा जपून वापरावी. मूळ जागी नसलेली फाइल ती दुसऱ्या बाजूची पुसून टाकते. सुरुवातीला ‘कॉपी’ वापरावी, आणि खरी आज्ञा देण्याआधी ‘ड्राय-रन’ करून काय होणार आहे ते पाहावं.

*नेक्स्टक्लाउड.* २०१६ मध्ये ओनक्लाउडमधून वेगळा झालेला हा प्रकल्प स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतो आणि त्याचं लिनक्स ॲप चांगलं आहे. शाळा, पतसंस्था, ग्रंथालय यांना तो परवडतो, पण सर्व्हर सांभाळणारा माणूस हवा.

*सिंकथिंग.* यात क्लाउडच नाही, दोन मशीन थेट एकमेकांशी सिंक होतात. घर आणि दुकान वेगळ्या जागी असेल तर उपयोगी. दोन्ही मशीन एकाच खोलीत असतील तर चोरी किंवा पुरापासून त्याचा बचाव होत नाही.

वर्गणी भरण्याआधी एवढं विचारा

‘लिनक्स चालतं’ या शब्दांवर विसंबू नये. त्याचा अर्थ नुसतं ब्राउझर असा असू शकतो. विचारायच्या गोष्टी या:

– फोल्डरमधला बदल दोन्ही बाजूंनी आपोआप सिंक होतो का?
– आपल्या लिनक्सच्या आवृत्तीसाठी पॅकेज आहे का, आणि अपडेट नेहमीच्या अपडेटरमधूनच येतात का?
– मॉनिटर नसलेल्या ऑफिसच्या सर्व्हरवर, नुसत्या कमांडने ते चालतं का?
– कुलूप सगळ्या फायलींना आहे की एकाच फोल्डरला?
– ॲपचा कोड खुला आहे का, बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासला आहे का?
– सेवा सोडायची झाली तर सगळ्या फायली एकदम बाहेर काढता येतात का?

प्रोटॉनने २०२५ मध्ये ड्राइव्हवर ॲप बांधण्यासाठीचा आपला विकासक संच खुला केला. बाहेरच्यांना त्यावर काम करता येईल, अशी त्यामागची भूमिका आहे. तरी वार्षिक वर्गणी घेताना आज हातात काय मिळतं तेच मोजावं. उद्याच्या ॲपसाठी आज पैसे भरू नयेत, शक्य असल्यास आधी एक महिन्याचीच वर्गणी घ्यावी.

शेवटची गोष्ट किल्लीची. अशा सेवेत पासवर्ड विसरला तर कंपनी फायली उघडून देऊ शकत नाही, तिच्याकडे किल्लीच नसते. खातं उघडताना मिळणारे रिकव्हरीचे शब्द कागदावर लिहून घराच्या दस्तऐवजांत ठेवावेत आणि घरातल्या एका विश्वासू माणसाला ती जागा सांगून ठेवावी. सेवा सुरू केल्यावर आठवड्याभरात एक फाइल दुसऱ्याच मशीनवर उतरवून उघडून बघावी. ती उघडली, तिच्यातली मराठी अक्षरं नीट दिसली, की मगच जुन्या पेनड्राइव्हवरची प्रत पुसायचा विचार करावा.